आधी चारा, मग पिल्लं

भातकुलीच्या शिवारात बोअर मारली आणि पाणी लागलं, तरी ते पिण्याजोगं असेलच असं नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. भातकुली, दर्यापूर, अंजनगाव सुर्जी हे तालुके त्यातच येतात. इथलं भूजल खारं आणि जमीन काळी, चिकण, पाणी न जिरवणारी. विहीर असूनही ओलिताची सोय नाही, हे इथल्या शेतकऱ्याचं जुनं दुखणं. त्यामुळे या भागातल्या एखाद्या हौशी मुलाने काचेच्या टाकीतला केशरी-पांढरा क्लाउनफिश पाहिला, तो समुद्रातला मासा आहे हे त्याला कळलं, की त्याच्या मनात प्रश्न येतो: आपलं पाणी खारंच आहे, मग हा मासा आपल्याकडे का वाढू नये?

प्रश्न चांगला आहे. मासा आपल्याकडे वाढू शकतो, त्याची पिल्लंसुद्धा घरात तयार करता येतात. मात्र ती खारपाणपट्ट्याच्या पाण्यावर होणार नाहीत. कारण नीट समजून घेतलं तर पुढची निम्मी चूक टळते.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात क्लोराइड १९ ग्रॅमच्या वर, सोडियम पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी सुमारे ०.४ ग्रॅम. जगातल्या कुठल्याही खुल्या समुद्रात गेलात तरी या घटकांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण जवळपास सारखंच असतं. समुद्री माशाचं शरीर त्याच प्रमाणाला सरावलेलं आहे. खारपाणपट्ट्याचं पाणी जिभेला खारट लागलं तरी समुद्राच्या मानाने ते फार पातळ आहे. त्यातले क्षारही वेगळ्या मेळाचे आहेत. सोडियम भरपूर, बायकार्बोनेट भरपूर, बाकीच्यांचा हिशेब जुळत नाही. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर घ्या. पाणी खारं आहे, शिवाय इतकं अल्कधर्मी की त्याचा सामू दहाच्या घरात जातो. तिथे नीलहरित शेवाळं सुखाने नांदतं, मासा मात्र राहत नाही.

हरियाणात रोहतकजवळ लाहली इथे, मुंबईच्या वर्सोव्यातल्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचं एक केंद्र आहे. भूजल खारं झालेल्या जमिनीत कोळंबी वाढवण्याचे प्रयोग तिथे झाले. अशा पाण्यात सर्वांत मोठी उणीव पोटॅशियमची असते, आणि पाण्यात पोटॅश मिसळून ती भरून काढली तर कोळंबी तग धरते, असं त्यातून दिसलं. पोटॅशची गोणी वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला नवीन नाही. तेव्हा आपल्या खाऱ्या पाण्याचा मत्स्यशेतीला उपयोगच नाही, असं मी म्हणणार नाही. पण क्लाउनफिशचं तीन-चार मिलिमीटरचं पिल्लू हा त्या प्रयोगाचा विषय नव्हे. त्याच्यासाठी पाणी तयारच करावं लागतं.

हे काम सोपं आहे. आरओचं पाणी घ्यायचं आणि त्यात मत्स्यालयासाठी मिळणारं तयार समुद्री मीठ लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबाने विरघळवायचं. शंभर लिटरच्या टाकीला साडेतीन किलोच्या आसपास मीठ लागतं. स्वयंपाकघरातलं मीठ इथे चालत नाही, कारण ते निव्वळ सोडियम क्लोराइड. रात्रभर हवेच्या नळीने ढवळू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब ठेवून क्षारता ३३ ते ३५ दरम्यान आहे ना, ते पाहायचं. सामू ८ ते ८.३ आणि तापमान २६ ते २८ अंश असावं. टाकी भरली म्हणून लगेच मासा सोडायचा नाही. माशाच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू स्पंज फिल्टरमध्ये आणि दगडांवर वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. अमोनिया आणि नायट्राइट या दोन्ही चाचण्या शून्य दाखवू लागल्या, की टाकी तयार झाली.

आता मासा. २००३ साली आलेल्या ‘फाइंडिंग निमो’ने क्लाउनफिश घरोघरी नेला. त्या सिनेमात आई मेल्यावर बाप एकट्याने पिल्लाला वाढवतो. निसर्गात त्या बापाची मादी झाली असती. क्लाउनफिश जन्मतो तेव्हा नर किंवा मादी असं काही पक्कं ठरलेलं नसतं. एका समुद्रफुलाच्या (सी अ‍ॅनिमोनच्या) आश्रयाने एक लहानसा गट राहतो. गटातला सर्वांत मोठा मासा मादी, दुसऱ्या क्रमांकाचा प्रजननक्षम नर, बाकीचे सगळे अपक्व. मादी गेली की नर काही आठवड्यांत मादी होतो, आणि खालचा एक जण वाढून नराची जागा घेतो. हा बदल मोठ्या माशाच्या दादागिरीवर अवलंबून असतो, हे फ्रिके दांपत्याने १९७७ साली दाखवून दिलं.

घरी जोडी जमवायला हे ज्ञान फार कामाचं आहे. नर-मादी ओळखत बसायची गरजच नाही. एक थोडं मोठं आणि एक लहान अशी दोन पिल्लं एका टाकीत ठेवायची. सुरुवातीला मोठं लहानाला दटावतं. लहान आडवं होऊन अंग थरथरवतं, म्हणजे त्याने हार मानली. ही थरथर दिसली की जोडी जमण्याच्या वाटेवर आहे असं समजावं. सारख्या आकाराचे दोन मोठे मासे मात्र एकत्र टाकू नयेत. दोन्ही माद्या निघाल्या तर एक दुसरीला मारून टाकते. जोडी पिकायला साधारण वर्ष, कधी दीड वर्ष लागतं. तेवढा धीर हवा. समुद्रफूल घ्यायची आवश्यकता नाही. ते सांभाळणं माशापेक्षा कठीण आहे आणि त्याच्याविना जोडी अंडी घालते.

अंडी घालायला खडबडीत, आडोशाची जागा लागते. बाजारात त्यासाठी सिरॅमिकचे कोन मिळतात. आपल्याकडे जुन्या घरावरून उतरवलेलं कवेलू त्याहून उत्तम. भाजलेल्या मातीचं, बिनलुकणाचं कवेलू स्वच्छ धुऊन, काही दिवस पाण्यात भिजवून टाकीच्या कोपऱ्यात तिरपं उभं करावं. खाणं दिवसातून तीनदा, थोडं थोडं: बारीक चिरलेले झिंगे, माशाचं मांस, शिंपल्याचं मांस. मादीचं पोट फुगू लागलं आणि दोघं तोंडाने कवेलू घासून साफ करू लागले, की एक-दोन दिवसांत अंडी पडतात. एका वेळी दोन-चारशे, मोठी जोडी असेल तर त्याहूनही जास्त. अंडी लांबट, एका टोकाने चिकटलेली, पहिल्या दिवशी गडद केशरी. राखण नराकडे असते. तो परांनी पाणी हलवतो, तोंडाने अंडी चाचपतो, मेलेली वेचून खातो. जसजसे दिवस जातात तसतसा केशरी रंग फिका होऊन राखाडी होतो, आणि सहाव्या-सातव्या दिवशी प्रत्येक अंड्यात दोन चंदेरी डोळे चमकू लागतात. त्याच रात्री किंवा दुसऱ्या रात्री, दिवे मालवल्यावर तासा-दोन तासांत अंडी फुटतात.

इथपर्यंत पुष्कळ जण पोहोचतात. पिल्लं निघालेली पाहून हरखतात, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी टाकी रिकामी होते. दोष माशाचा नसतो, पाण्याचाही बहुतेक वेळा नसतो. पिल्लांना खायला काय घालायचं याचा विचार अंडी पडल्यावर सुरू झालेला असतो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

ज्याने गप्पी किंवा मोली पाळले आहेत त्याला हे पटायला वेळ लागतो. गप्पीचं पिल्लू जन्मतःच पोहतं आणि चिमूटभर पीठही खातं. क्लाउनफिशचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा त्याच्याजवळ शिदोरी फारच थोडी असते. तोंड इतकं लहान की त्यात मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाहून मोठं काही जात नाही, आणि हालचाल करणाऱ्या भक्ष्यावरच ते झेपावतं. भुकटी शेजारून बुडाली तरी ते ढुंकून पाहत नाही. म्हणून पहिल्या आठवड्याचा चारा जिवंत, सूक्ष्म आणि सतत आसपास तरंगणारा हवा. असा चारा म्हणजे रोटिफर.

रोटिफर हा प्राणी माणसाच्या मदतीला कसा आला याची हकिगत ऐकण्यासारखी आहे. जपानमध्ये ईल माशांच्या तलावांत अचानक पाण्याचा रंग पालटायचा आणि मासे संकटात यायचे. शोध घेतल्यावर दिसलं की ब्रॅकिओनस नावाचे रोटिफर बेसुमार वाढून पाण्यातलं शेवाळ फस्त करतात. तलाववाल्यांच्या दृष्टीने ती कीडच होती. ताकाशी इतो या शास्त्रज्ञाने १९६० च्या सुमारास वेगळा विचार मांडला. जो जीव इतक्या झपाट्याने वाढतो आणि आकाराने इतका लहान आहे, तो समुद्री माशांच्या पिल्लांना खायला का देऊ नये? आज जगभरातली समुद्री माशांची बीजकेंद्रं त्याच विचारावर उभी आहेत. फ्लोरिडात मार्टिन मो यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लाउनफिशची व्यापारी पैदास केली, तेव्हापासून टाकीत जन्मलेला समुद्री रंगीत मासा बाजारात मिळू लागला.

रोटिफर पाळायचा तर त्यालाही खायला लागतं. त्याचं खाणं म्हणजे हिरवं पाणी. हिरव्या पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ नॅनोक्लोरोप्सिस जातीचं असेल तर उत्तम, कारण त्यात समुद्री पिल्लांना अत्यावश्यक असणारं ईपीए हे मेदाम्ल भरपूर असतं. शेवाळाची वाढ शेतीसारखीच खतावर चालते. प्रयोगशाळेत त्यासाठी खास द्रावणं वापरतात. मोठ्या टाक्यांत मात्र हजार लिटरला अमोनियम सल्फेट १०० ग्रॅम, युरिया १० ग्रॅम आणि सुपर फॉस्फेट १० ग्रॅम असं साधं प्रमाण वापरलं जातं. ही तिन्ही खतं भातकुलीच्या कृषी सेवा केंद्रात नेहमीची. वीस लिटरच्या कॅनला हिशेब अनुक्रमे २ ग्रॅम, ०.२ ग्रॅम आणि ०.२ ग्रॅम असा येतो, म्हणून वजनाला सोनाराकडच्यासारखा बारीक काटा हवा. भरडसर अंदाजाने टाकलेला युरिया शेवाळाला नाही, पण नंतर पिल्लांना अमोनियाच्या रूपाने बाधतो. पाणी आधी ब्लीचने निर्जंतुक करून, दुसऱ्या दिवशी हायपोने (सोडियम थायोसल्फेटने) क्लोरीन मारून घ्यायचं. पांढऱ्या पारदर्शक कॅनमध्ये ते भरायचं, विरजणाइतकं जुनं हिरवं पाणी घालायचं, तळाशी हवेची नळी सोडायची आणि शेजारी एलईडी ट्यूब लावायची. आठवड्याभरात कॅन पालकाच्या रसासारखा हिरवा होतो.

रोटिफरला वीस लिटरची बादली पुरते. क्षारता २० ते २५, तापमान २५ ते ३०, हवेचे बुडबुडे मोठे आणि संथ. मूळ वाण मत्स्यमहाविद्यालय, संशोधन संस्था किंवा एखाद्या अनुभवी छंदिष्टाकडून मागून घ्यावा लागतो. बादलीतले जवळजवळ सगळे रोटिफर माद्याच असतात आणि नराविना अंडी देतात. दाणापाणी व्यवस्थित असेल तर त्यांची संख्या दिवसाला दुप्पट होऊ शकते. उपासमार किंवा गर्दी झाली की मगच नर जन्मतात. त्यांना पचनसंस्थाच नसते. समागम करून ते मरतात, आणि त्यातून टणक कवचाची सुप्त अंडी तयार होतात. वाईट काळ काढण्याची ही त्यांची रीत. बादलीत नर दिसू लागले तर आपल्या देखभालीत काहीतरी बिघडलं आहे, हे ओळखावं.

रोज सकाळी बादलीतलं थोडं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडाकडे धरा. नुसत्या डोळ्यांना पांढुरके कण भिरभिरताना दिसतील. दहापट भिंग लावलं तर डोक्यावरच्या केसांचं चक्र फिरवत जाणारी मादी दिसते, आणि तिच्या मागे शेपटीजवळ लटकलेली एखाद-दोन अंडी. निम्म्याहून अधिक माद्यांजवळ अंडी असतील तर बादली ठणठणीत आहे. पोहणं मंदावलं, अंडी दिसेनाशी झाली, तळाचा वास येऊ लागला, तर त्याच दिवशी पाणी बदला. मोजायचं असेल तर एक मिलिलिटर पाण्यात आयोडीनचा थेंब टाका, रोटिफर मरून स्थिर होतात, मग मोजा. मिलिलिटरला शंभर ते दोनशे हे घरगुती बादलीसाठी चांगलं पीक. पाणी नितळ झालं म्हणजे ते उपाशी आहेत, म्हणून हिरवं पाणी घालायचं. शेवाळ कमी पडलं तर बेकरीच्या यीस्टवर निभावतं, दहा लाख रोटिफरांना दिवसाला एक ग्रॅम. पण यीस्टवर वाढलेल्या रोटिफरात पिल्लांना लागणारी मेदाम्लं नसतात. असे रोटिफर खाऊनही पिल्लं मरतात, आणि पालकाला कारण कळत नाही. म्हणून पिल्लांना देण्याआधी काही तास तरी त्यांना शेवाळात ठेवलंच पाहिजे.

रोजची काढणी बादलीच्या पाव हिश्श्याची. गाळण्यासाठी पन्नासेक मायक्रॉनची जाळी लागते. अमरावतीत स्क्रीन प्रिंटिंगचं सामान विकणाऱ्यांकडे नायलॉनची बारीक जाळी मिळते, ती पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला चिकटवली की गाळणं तयार. गाळून घेतलेले रोटिफर स्वच्छ खाऱ्या पाण्याने धुऊन मगच पिल्लांत सोडायचे, बादलीचं मळकट पाणी पिल्लांच्या टाकीत जाऊ द्यायचं नाही.

एक नियम फार कडक पाळावा लागतो. शेवाळाचं काम आधी, रोटिफरचं नंतर. आणि दोन्हीकडची नळी, मग, हात वेगळे. रोटिफरचा एक थेंब शेवाळाच्या कॅनमध्ये गेला तर काही दिवसांत हिरवा कॅन पांढरा पडतो, आणि चाऱ्याची साखळी तुटते. शक्य असेल तर शेवाळ एका खोलीत आणि रोटिफर दुसऱ्या खोलीत ठेवा. प्रत्येकाच्या दोन-दोन बादल्या ठेवा, एक दगावली तर दुसरी आहे.

हिशेब करून पाहू. पिल्लांची टाकी ४० लिटरची, म्हणजे ४० हजार मिलिलिटर. पहिले दिवस मिलिलिटरला दहा रोटिफर राखायचे, तर टाकीत चार लाख हवेत. वीस लिटरच्या बादलीत मिलिलिटरला शंभर धरले तर वीस लाख आहेत, आणि पाव हिस्सा म्हणजे पाच लाख रोज काढता येतात. म्हणजे एका भरल्या बादलीवर पिल्लांची एक तुकडी निघते. पण ती बादली अंडी फुटण्याच्या दिवशी भरलेली हवी. अंडी पडल्यापासून हाती फक्त आठवडाभर असतो. तेवढ्यात शून्यातून रोटिफर उभे राहत नाहीत. ज्याच्या घरी हे पीक बाराही महिने चालू असतं, त्याचीच पिल्लं जगतात.

अंडी फुटायच्या संध्याकाळी कवेलू हळूच उचलून पिल्लांच्या टाकीत न्यावं. पाण्याबाहेर काढू नये, भांड्यात पाण्यासकट न्यावं. टाकीत आई-बापाच्याच टाकीतलं पाणी, निम्म्यापर्यंत. तीन बाजूंना काळा कागद, कारण पिल्लं उजेडाकडे धाव घेतात आणि काचेवर आपटून मरतात. नर आता पंखा घालायला नाही, म्हणून कवेलूच्या खाली हवेची नळी, अंडी डुलतील इतपत जोराची. मग अंधार. सकाळी वरून पाहिलं तर पाण्यात पारदर्शक सुया तरंगताना दिसतात, डोळे तेवढे चंदेरी. कवेलू काढून घ्यायचं, हवा सेकंदाला एखाद-दोन बुडबुड्यांवर आणायची, तळ जेमतेम दिसेल इतकं हिरवं पाणी घालायचं आणि रोटिफर सोडायचे. वर मंद दिवा.

भिंग घेऊन बसलात तर शिकार पाहायला मिळते. पिल्लू रोटिफरसमोर थांबतं, शेपूट एका बाजूला आणि मान दुसऱ्या बाजूला वळवून शरीर वाकडं करतं आणि क्षणात सरळ होत झेप घेतं. पहिल्या दिवशी बरेच नेम चुकतात. म्हणूनच चारा विरळ असून चालत नाही. संध्याकाळी पोटं गोल दिसली तर निश्चिंत व्हावं. सपाट दिसली तर टाकीत रोटिफर मोजावेत.

पहिला घात तिसऱ्या ते पाचव्या दिवशी होतो, तो उपासमारीचा किंवा अमोनियाचा. तळावर साचलेलं रोज बारीक नळीने ओढून काढावं आणि तेवढंच जुळत्या तापमानाचं पाणी थेंबाथेंबाने भरावं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून रोटिफरच्या जोडीला आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या कवचधारी जिवाची नुकतीच फुटलेली पिल्लं द्यायला सुरुवात करतात. आर्टेमियाची वाळलेली अंडी डब्यात मिळतात, त्यांतली पुष्कळ अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकची. आपल्याकडे मुंबईच्या मिठागरांत आणि राजस्थानातल्या सांभर सरोवरात आर्टेमियाची नोंद १९५० च्या दशकातच झाली आहे. दोन लिटरची बाटली उलटी टांगावी, लिटरला २५ ते ३० ग्रॅम खडे मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा घालावा. एक ग्रॅम अंडी, जोरदार हवा, उजेड आणि २८ अंश तापमान मिळालं की चोवीस तासांत नारिंगी पिल्लं बाहेर येतात. हवा बंद केली की रिकामी टरफलं वर तरंगतात, पिल्लं उजेडाकडे खाली गोळा होतात, ती नळीने ओढून धुऊन घ्यायची. टरफलं पिल्लांच्या पोटात गेली तर आतडं तुंबतं, म्हणून या कामात घाई नको. आर्टेमिया खाल्लेल्या पिल्लाचं पोट स्पष्ट नारिंगी दिसतं. सगळ्यांची पोटं नारिंगी झाल्याशिवाय रोटिफर बंद करू नयेत.

आठव्या ते बाराव्या दिवसांत दुसरी परीक्षा. पिल्लू आता वरच्या पाण्यातलं तरंगणं सोडून तळाकडे, काचेकडे सरकतं. अंगावर रंग चढतो, आधी डोक्यामागचा पांढरा पट्टा, मग मधला. या रूपांतरात अशक्त पिल्लं मरतात, आणि ती अशक्त असतात ती पहिल्या आठवड्यातल्या निकस चाऱ्यामुळे. दोन पट्टे घेऊन जे पिल्लू कोपऱ्यात थरथरत उभं राहतं, ते सहसा जगतं. त्यानंतर स्पंज फिल्टर, वस्त्रगाळ कोरडं खाणं, आणि तीन-चार महिन्यांत विक्रीजोगा आकार.

आता वऱ्हाडाची खास अडचण. मे महिन्यात अकोला-अमरावतीत पारा ४५ च्या आसपास जातो, आणि क्लाउनफिशला तीसच्या वर त्रास होतो. पण आपली उष्णता कोरडी आहे, आणि त्याचा फायदा घेता येतो. टाकीच्या पृष्ठभागावर तिरका पंखा सोडला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. कूलर चालणाऱ्या खोलीत, जमिनीलगत, उन्हाच्या भिंतीपासून दूर टाकी ठेवली तर उन्हाळा निघतो. यात पाणी रोज उडतं, मीठ मात्र टाकीतच राहतं. म्हणून काचेवर खूण करून, कमी झालेलं पाणी आरओच्या गोड पाण्याने भरावं, खाऱ्या पाण्याने कधीच नाही. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्याचा परिणाम घटतो, पण तोवर बाहेरचं तापमानही उतरलेलं असतं. थंडीत रात्री हीटर लागतो. वीज गेली तर हवेचा पंप बंद पडतो, आणि रोटिफरची दाट बादली काही तासांत गुदमरते. बॅटरीवर चालणारा पंप किंवा इनव्हर्टर हा इथे चैनीचा खर्च नाही. तो पहिल्या यादीत हवा.

आपल्या देशात हे काम नवं राहिलेलं नाही. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने मंडपम आणि विझिंजम इथल्या केंद्रांत क्लाउनफिशच्या बीजोत्पादनाचं तंत्र बसवलं. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर स्थानिक महिलांना रंगीत समुद्री जीव वाढवायला शिकवलं. महाराष्ट्रात कांदळवन प्रतिष्ठानने ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात शोभिवंत सागरी माशांचं बीजकेंद्र उभारलं. त्यामागचा हेतू किनाऱ्यावरच्या कुटुंबांना जोडधंदा मिळावा असा होता. हे सगळं किनाऱ्यालगत झालं. विदर्भातल्या वाचकाला जवळचं ठिकाण म्हणजे नागपूरचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत, जी २०२० साली सुरू झाली, घरामागच्या शोभिवंत माशांच्या घटकाचा खर्च ३ लाख रुपये धरलेला होता. त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद होती. सध्या कोणती योजना चालू आहे याची चौकशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात करावी.

घरी पिल्लं वाढवावीत असं मला कळकळीने वाटतं, त्याचं कारण पैशापलीकडचं आहे. रंगीत समुद्री मासे पकडण्यासाठी आग्नेय आशियात प्रवाळखडकांवर सायनाइड फवारण्याची घातक प्रथा साठच्या दशकापासून चालत आली. मासा गुंगतो, हाती लागतो, आणि मागे प्रवाळ मरतं. भारतात प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं सर्वोच्च संरक्षण आहे, पण खडकावरचा मासा उचलला गेला तरी खडकाचं नुकसान होतच असतं. क्लाउनफिश नैसर्गिक अवस्थेत तीस वर्षं जगू शकतो, असा पापुआ न्यू गिनीतल्या अभ्यासाचा अंदाज आहे. इतक्या दीर्घायुषी जिवाला समुद्रातून उपटून आणायची गरज नाही, कारण तो कवेलूवर अंडी घालतो. दुकानातून मासा घेताना तो टाकीत जन्मलेला आहे का, हे विचारा. तसा नसेल तर घेऊ नका.

हा छंद सुरू करणार असाल तर खरेदीचा क्रम उलटा ठेवा. आधी शेवाळाचा कॅन आणि रोटिफरची बादली घरी आणा. एप्रिल-मेच्या उन्हात, वीज जात-येत असताना ती दोन्ही महिनाभर हिरवी आणि हलती ठेवून दाखवा. ते जमलं, मगच क्लाउनफिशच्या जोडीचे पैसे द्या.